एका निशाणाखाली अठरा वर्षे



१९६८ सालच्या जून महिन्याची ५ तारीख. इटलीच्या दक्षिणेकडील नेपल्स शहरी, सान पाओलो या नावाने तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या क्रीडांगणावर, युरोपच्या अजिंक्यपदाचा उपांत्य सामना चालू होता. एका बाजूस यजमान इटली, दुसऱ्या बाजूस सोव्हिएट रशिया. नव्वद मिनिटे संपली, त्यावर वाढवून दिलेली तीस मिनिटेही संपली, आणि तरी कोणाचा एकही गोल झाला नाही. आज अशा प्रसंगी दोन्ही संघ आळीपाळीने पेनल्टी मारून निकाल लावतात. परंतु ती प्रथा १९७० साली सुरू झाली. तोवर एकच उपाय असे, आणि तो म्हणजे नाणेफेक. जर्मन पंचाने दोन्ही कर्णधारांना सोबत घेतले आणि ते आत, खेळाडूंच्या खोल्यांकडे गेले. बाहेर हजारो प्रेक्षक आपापल्या जागी खिळून बसले होते. आत काय चालले आहे हे त्यांना दिसत नव्हते. थोड्या वेळाने पायऱ्यांवरून एक उंच, सडपातळ तरुण धावत वर आला. त्याने हात उंचावले, आणि सारे क्रीडांगण एका क्षणात उमगले. त्याने काटा मागितला होता आणि काटाच पडला होता.

त्या तरुणाचे नाव जाचिंतो फाक्केत्ती. गोव्यातील श्रोत्यांना हे नाव परके वाटू नये. आपल्याकडच्या जासिंतोचेच ते इटालियन रूप. वास्कोजवळच्या सां जासिंतो बेटाचे नाव ज्या संतावरून पडले, त्याचेच नाव लोंबार्दी प्रांतातील एका रेल्वे कामगाराने आपल्या मुलाला दिले. या जाचिंतोच्या कारकिर्दीविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. तो अठरा वर्षे एकाच संघातून खेळला, आणि खेळला तो बचावाच्या फळीत.

बचावाच्या फळीत, हे शब्द मी मुद्दाम उच्चारले. गेली वीसबावीस वर्षे शाळेच्या मैदानावर मुलांचे संघ पाडून देण्याचे काम माझ्याकडे आहे. 'कोणाला कोठे खेळावयाचे आहे?' असे विचारले की सारे हात पुढच्या फळीसाठी वर होतात. मग जे उरतात, जे लाजरे असतात, ज्यांच्या पायांत बूट नसतात, त्यांना आपण मागे उभे करतो. बॅक म्हणजे उरलेला मुलगा, अशी आमच्या मैदानांची समजूत असते. इंदूर, बडोदे अशा क्रिकेटवेड्या गावांतून ऐकणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की फुटबॉलमध्ये बॅक गोल वाचवतो, पण वाचलेला गोल फलकावर लिहिला जात नाही. फाक्केत्ती हा असा उरलेला मुलगा नव्हता. तो मुळात पुढच्या फळीतलाच खेळाडू होता. त्याला मागे नेण्यात आले. त्याच्या कथेतील गंमत येथूनच सुरू होते.

मिलान शहराच्या पूर्वेस, रेल्वेने अर्ध्यापाऊण तासावर त्रेवील्यो नावाचे गाव आहे. रेल्वेचे फाटे तेथे एकत्र येतात. १८ जुलै १९४२ रोजी फाक्केत्ती तेथे जन्मला. तो युद्धाचा काळ होता. युद्धानंतरच्या लोंबार्दीत मुलांचे पहिले मैदान म्हणजे बहुधा चर्चच्या आवारातील अंगण असे. त्याला तिकडे 'ओरातोरिओ' म्हणतात. प्रार्थना, धर्मशिक्षण आणि फुटबॉल या तिन्ही गोष्टी एकाच कुंपणात चालत. गोव्यातील ज्या गावांत चर्चसमोरच्या मैदानावर संध्याकाळी चेंडू उडतो, त्यांना याचे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास श्रम पडणार नाहीत. फाक्केत्ती गावच्या त्रेविल्येझे संघातून खेळू लागला. उंची सहा फुटांहून अधिक, टांगा लांब आणि धाव वेगवान. धावण्याच्या शर्यतींतही तो पुढे असे. अशा मुलाने फॉरवर्ड व्हावे हे साहजिकच होते.

१९६० साली मिलानच्या इंतेर या संघाकडे एक नवा प्रशिक्षक आला. एलेनिओ एरेरा त्याचे नाव. जन्म अर्जेंटिनातला, बालपण मोरोक्कोतील, खेळणे फ्रान्समधील आणि नाव कमावले ते स्पेनमध्ये. हा गृहस्थ मोठा करारी. खेळाडू काय खातात, केव्हा झोपतात, कोणाशी बोलतात, साऱ्यांवर त्याची नजर असे. सामन्याच्या आधी काही दिवस तो संपूर्ण संघाला गावाबाहेर नेऊन कोंडून ठेवी. त्याच्याविषयी चांगलेवाईट पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले वाईटही सगळे खोटे नाही. पण माणसे पारखण्याची त्याची दृष्टी विलक्षण होती, एवढे मान्य करावे लागेल. त्रेवील्योच्या या उंच मुलाला त्याने पाहिले आणि ठरविले की हा डावा बॅक होईल. फाक्केत्ती हे आडनाव एरेराच्या ध्यानात नीट राहिले नाही, तो काहीतरी 'चिपेल्लेत्ती' असे म्हणाला. त्यावरून सहकाऱ्यांनी 'चिपे' हे टोपणनाव पाडले आणि ते जन्मभर टिकले, अशी हकीकत सांगतात.

२१ मे १९६१ रोजी रोम येथे रोमा संघाविरुद्ध तो इंतेरकडून पहिल्यांदा खेळला. त्याला एकोणीसावे वर्ष अजून पुरे व्हावयाचे होते. त्या दिवसापासून १९७८ च्या मे महिन्यापर्यंत त्याने दुसऱ्या कोणत्याही क्लबचा सदरा अंगावर घातला नाही.

आता थोडे खेळाच्या रचनेविषयी बोलले पाहिजे, नाही तर या माणसाने केले काय हे कळावयाचे नाही. त्या काळी इटलीत खेळाची जी पद्धत रूढ होती तिला 'कातेनाच्चो' म्हणत. कातेनाच्चो म्हणजे दाराचा अडसर. चार बचावपटूंपैकी तिघांनी समोरच्या एकेका फॉरवर्डची सावली व्हावे आणि चौथ्याने त्यांच्याही मागे मोकळे राहून, जो कोणी निसटेल त्याला अडवावे. या चौथ्याला 'लीबेरो', म्हणजे मोकळा, असे म्हणत. इंतेरमध्ये आर्मांदो पिक्की हा लीबेरो आणि कर्णधार. ग्वार्नेरी मध्ये, उजवीकडे तार्चिझिओ बुर्निक आणि डावीकडे फाक्केत्ती. एक गोल करावयाचा आणि मग दाराला अडसर घालून स्वस्थ बसावयाचे, अशी या पद्धतीची निंदा केली जाते. ती सर्वस्वी अन्यायाची आहे असे नाही. शून्य शून्य बरोबरीचे कंटाळवाणे सामने त्या पद्धतीने पुष्कळ दिले.

परंतु एरेराच्या अडसराला एक बिजागरी होती आणि ती डावीकडे होती. इंतेरचा डावा पुढचा खेळाडू मारिओ कोर्सो हा मोठा कलावंत माणूस. त्याला कडेच्या रेषेजवळ राहणे आवडत नसे. तो आत, मध्याकडे सरके. त्यामुळे डावी बाजू मोकळी पडे. ती मोकळी बाजू, मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एरेराने फाक्केत्तीच्या हवाली केली. स्पेनहून आणलेला लुईस सुआरेझ मध्यातून लांब, अचूक पास देई आणि मागून हा उंच तरुण त्याच्या लांब टांगांनी धावत येई. समोरच्या संघाच्या उजव्या फॉरवर्डपुढे मोठा पेच पडे. त्याचे काम गोल करण्याचे; आता त्यालाच फाक्केत्तीच्या मागे आपल्या गोलाकडे धावावे लागे. ज्याला अडवावयाचे त्यालाच अडवण्याच्या कामाला लावणे, हा बचावाचा नवाच प्रकार होता. बॅकने पुढे जाऊ नये असा काही नियम नव्हता, आणि त्याच्याआधी कोणी गेलेच नव्हते असेही नाही. परंतु वर्षानुवर्षे, ठरवून, संघाच्या चालीचा भाग म्हणून जाणारा आणि जाऊन गोल करणारा असा बॅक युरोपने क्वचितच पाहिला होता. १९६५-६६ च्या हंगामात त्याने इटालियन लीगमध्ये १० गोल केले. कित्येक फॉरवर्डांना तेवढे जमत नसत.

त्याचा एक गोल मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. १९६५ च्या मे महिन्यात युरोपियन कपाच्या उपांत्य फेरीत इंतेरची गाठ इंग्लंडच्या लिव्हरपूलशी पडली. पहिला सामना लिव्हरपूलच्या घरी झाला, आणि तेथे इंतेर १-३ असा हरला. आठ दिवसांनी, १२ मे रोजी, मिलानच्या सान सिरो क्रीडांगणावर परतीचा सामना. कोर्सोने आठव्या मिनिटाला गोल केला आणि नवव्या मिनिटाला पेइरोने दुसरा. बेरीज बरोबर झाली, पण बरोबरीने भागणार नव्हते; आणखी एक गोल हवा होता. अशा वेळी शहाणा बॅक काय करील? मागे थांबेल, कारण आपण पुढे गेलो आणि मागे गोल झाला तर सारेच बुडाले. ६२ व्या मिनिटाला इंतेरची चाल पुढे सरकत असता हा डावा बॅक लिव्हरपूलच्या गोलासमोर जाऊन पोहोचला होता. चेंडू त्याच्या पायाशी आला आणि त्याने तो जोराने जाळ्यात मारला. ३-०. पंधरवड्यानंतर त्याच मैदानावर इंतेरने पोर्तुगालच्या बेन्फिकाला १-० असे हरवून सलग दुसऱ्यांदा युरोपियन कप जिंकला. पहिला त्यांनी १९६४ साली व्हिएन्ना येथे रेआल माद्रिदला ३-१ असे हरवून मिळविला होता, आणि त्या माद्रिद संघात दि स्तेफानो आणि पुश्काश होते हे लक्षात घेतले म्हणजे त्या विजयाचे मोल कळते. १९६५ साली युरोपातील सर्वश्रेष्ठ खेळाडूच्या मानासाठी पत्रकारांनी मते दिली, तेव्हा बेन्फिकाच्या युसेबिओला पहिला क्रमांक मिळाला आणि फाक्केत्तीला दुसरा. बॅकच्या वाट्याला असा मान येणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

त्या संघाची नावे इटलीतील एका संपूर्ण पिढीला पाठ होती. सार्ती, बुर्निक, फाक्केत्ती, अशी ती एका दमात म्हटली जात. आपण जशी लहानपणी पाढे म्हणत असू तशीच.

पाढ्यांचा शेवट मात्र कडू झाला. २५ मे १९६७ रोजी लिस्बन येथे तिसऱ्या युरोपियन कपासाठी इंतेरची गाठ स्कॉटलंडच्या सेल्टिकशी पडली. सातव्या मिनिटालाच पेनल्टीवर इंतेरने गोल केला आणि दाराला अडसर घातला. सेल्टिकने तो तासभर धडका देऊन मोडला. ६३ व्या मिनिटाला बरोबरीचा गोल झाला, आणि तो कोणी केला? सेल्टिकच्या डाव्या बॅकने, टॉमी गेमेलने! फाक्केत्तीने युरोपला जो धडा शिकविला तो असा त्याच्यावरच उलटला. सामना २-१ असा गेला. आठवड्याभरात, १ जून रोजी, मांतोवा या लहानशा संघाकडून इंतेर हरला आणि लीगचे अजिंक्यपदही एका गुणाने युव्हेंतुसकडे गेले.

त्यानंतर तो संघ विसकटला, आणि येथे मला आजच्या विषयातील अवघड भागाकडे वळावे लागते. इटालियन भाषेत एकाच संघाशी एकनिष्ठ राहिलेल्या खेळाडूला 'बांदिएरा' म्हणतात. बांदिएरा म्हणजे निशाण. ढाल पडली, तलवार मोडली तरी निशाण खाली येऊ नये, हा भाव आपल्या लोकांना समजावून सांगावयाची गरज नाही. पण इतिहास सांगताना निशाणाची काठी कोणाच्या हातात होती हेही पाहिले पाहिजे. त्या काळी इटलीत खेळाडू क्लबला बांधलेला असे. करार संपला तरी तो आपल्या मर्जीने दुसरीकडे जाऊ शकत नसे. क्लब मात्र त्याला आपल्या मर्जीने विकू शके. हे बंधन १९८१ सालच्या कायद्याने मोडले, आणि फाक्केत्तीने तर १९७८ सालीच खेळ थांबविला होता. म्हणजे त्याची संपूर्ण कारकीर्द या बंधनाच्या काळातली. ज्या घराचे दार आतून उघडतच नाही, त्या घरात राहणाऱ्याच्या निष्ठेचे कौतुक करावे तरी कसे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो उद्धटपणाचा म्हणता येणार नाही.

आणि क्लबची निष्ठा कशी होती? दोन युरोपियन कप उंचावणाऱ्या कर्णधार पिक्कीला इंतेरने १९६७ साली वारेझे संघाकडे धाडले. ग्वार्नेरी बोलोन्याला गेला, गोलरक्षक सार्ती युव्हेंतुसला, सुआरेझ १९७० साली साम्पदोरियाला. बुर्निक आणि फाक्केत्ती बाहेरगावी वर्षानुवर्षे एकाच खोलीत उतरत. त्या बुर्निकलाही १९७४ साली नेपल्सची वाट दाखविण्यात आली. यांपैकी कितीजणांना कायमचे इंतेरचेच म्हणवून घेणे आवडले असते! निशाण होण्याचे भाग्य बहुधा दोघांच्या संमतीने लाभते, आणि त्यातील एकाचीच संमती पुरेशी असते, ती म्हणजे विकणाऱ्याची. १९६८ साली इटलीतील खेळाडूंनी आपली संघटना स्थापन केली ती अशाच गोष्टींसाठी. तिच्या स्थापकांत फाक्केत्तीचा सहकारी सान्द्रो मात्सोला होता, आणि मिलानच्या दुसऱ्या संघाचा रिव्हेराही होता.

तर मग फाक्केत्तीची निष्ठा कोठे शोधावी? मला वाटते, ती क्लबच्या कागदांत शोधू नये, त्याच्या खेळात शोधावी. फॉरवर्डचा बॅक झाला तेव्हा तो कुरकुरला नाही. तिशी उलटली, पाय पूर्वीसारखे धावेनात, तेव्हा ज्या धावेने त्याचे नाव झाले ती त्याने सोडून दिली आणि मागे जाऊन लीबेरोची जागा घेतली. ज्याने सारे आयुष्य कडेची रेषा मोजली, त्याला चौतिसाव्या वर्षी मध्यभागी उभे राहून नव्याने शिकावे लागले. मी शिक्षक आहे. उत्तम विद्यार्थी कोण, तर ज्याला स्वतःची लागलेली सवय पुसता येते तो, हे मी अनुभवाने सांगू शकतो. संपूर्ण कारकिर्दीत त्याला पंचाने एकदाच मैदानाबाहेर काढले. आणि अपराध काय, तर पंचाच्या निर्णयावर त्याने उपहासाने टाळ्या वाजविल्या! बचावपटूचे काम धक्काबुक्कीचे, पाय घालण्याचे. अठरा वर्षे ते करून अंगाला एवढाच डाग लागावा, हे मला त्याच्या गोलांहून अधिक वाटते. इंतेरकडून त्याचे सामने ६३४ आणि गोल ७५ झाले; लीगची अजिंक्यपदे चार, १९६३, १९६५, १९६६ आणि १९७१ सालची.

राष्ट्रीय संघातील त्याची कारकीर्द थोडक्यात सांगतो, फक्त एका दुपारी थोडे थांबू. १९६३ साली तुर्कस्थानविरुद्ध पहिला सामना, १९७७ साली लंडनच्या वेम्बलीवर शेवटचा. एकूण ९४, आणि त्यांपैकी ७० वेळा तो कर्णधार. तो निवृत्त झाला तेव्हा इटलीकडून इतके सामने कोणीच खेळलेला नव्हता. १९६६ साली इंग्लंडमध्ये उत्तर कोरियाने इटलीला १-० असे हरविले आणि संघ मायदेशी परतला तेव्हा जिनोव्हाच्या विमानतळावर लोकांनी टोमॅटोंचा वर्षाव केला. त्या संघात तो होता. दोन वर्षांनी नेपल्सचे ते नाणे पडले. पुढे रोममध्ये युगोस्लाव्हियाशी अंतिम सामना १-१ बरोबरीत सुटला, दोन दिवसांनी तो पुन्हा खेळविण्यात आला, आणि इटलीने तो २-० असा जिंकला. युरोपचा तो चषक फाक्केत्तीच्या हाती आला. नाण्याने दिलेला विजय म्हणून कोणी त्याला हिणवीत. पण नाणे उपांत्य सामन्यापुरतेच होते, अंतिम सामन्यातले गोल पायांनीच झाले होते.

ती दुपार म्हणजे २१ जून १९७०. मेक्सिको शहरातील आझतेका क्रीडांगण, विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर ब्राझील. चारच दिवसांपूर्वी त्याच उंच, विरळ हवेच्या शहरात इटलीने पश्चिम जर्मनीला १२० मिनिटे झुंजून ४-३ असे हरविले होते. पाय जड झाले होते. ब्राझीलचा उजवा फॉरवर्ड जैर्झिन्यो हा फाक्केत्तीच्या वाट्याचा. कातेनाच्चोचा धर्म काय? आपल्या माणसाची सावली व्हावयाचे. तो जाईल तेथे जावयाचे. ब्राझीलच्या लोकांनी हा धर्म नीट अभ्यासला होता. जैर्झिन्यो आपली कड सोडून आत, पार पलीकडच्या बाजूसही सरकू लागला, आणि फाक्केत्ती प्रामाणिकपणे त्याच्यामागे गेला. त्याच्यामागे इटलीची डावी बाजू मोकळी पडली. मिलानमध्ये कोर्सो आत सरकला की जी मोकळी बाजू फाक्केत्तीला मिळत असे, अगदी तीच. ८६ व्या मिनिटाला जैर्झिन्यो असाच आत आला, चेंडू पेलेकडे गेला, आणि पेलेने मान वळवूनही न पाहता तो उजवीकडच्या त्या रिकाम्या जागेत अलगद सोडला. मागून ब्राझीलचा कर्णधार, उजवा बॅक कार्लोस अल्बेर्तो धावत आला आणि त्याने चेंडू जाळ्यात धाडला. ४-१. जगातील सर्वांत सुंदर गोलांपैकी एक म्हणून तो आजही दाखवितात. त्या चित्रफितीत ज्या रिकाम्या जागेतून तो बॅक धावत येतो, ती जागा फाक्केत्तीची. तो तेथे नव्हता. कारण त्याला सांगितलेले काम तो दुसरीकडे करीत होता.

मी ही चित्रफीत वर्गातील मुलांना एकदा दाखविली. मुलांनी टाळ्या वाजविल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, 'सर, तो निळा खेळाडू चुकला का?' याचे उत्तर मला लगेच देता आले नाही. आजही ते मला एका वाक्यात देता येत नाही.

१९७४ साली जर्मनीतील विश्वचषकात इटली पहिल्याच फेरीत बाहेर पडली. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही. १९७८ साली अर्जेंटिनातील विश्वचषकासाठी प्रशिक्षक बेआर्झोत यांना तो छत्तीसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरही संघात हवा होता. पण दुखापतीने शरीर साथ देईना आणि तो खेळू शकणार नाही हे स्पष्ट झाले. तेव्हा बेआर्झोत यांनी त्याला न खेळणारा कर्णधार म्हणून बरोबर नेले. त्याच वर्षी त्याने इंतेरचा निरोप घेतला; शेवटच्या हंगामात इटालियन कप जिंकून.

पुढे तो इंतेरच्या कारभारात निरनिराळ्या जागांवर राहिला आणि २००४ साली क्लबचा अध्यक्ष झाला. मैदानावरचा माणूस अध्यक्षाच्या खुर्चीवर बसतो तेव्हा लोक टाळ्या वाजवितात. पण खुर्ची ही मैदानाहून निसरडी जागा. २००६ साली पंचांच्या नेमणुकांवर दडपण आणल्याचे मोठे प्रकरण इटलीत उघडकीस आले. युव्हेंतुसची दोन अजिंक्यपदे काढून घेण्यात आली आणि त्यांतील २००५-०६ चे इंतेरला देण्यात आले. फाक्केत्ती त्या वेळी दुखण्याने अंथरुणाला खिळत चालला होता. त्याला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला होता. पाच वर्षांनी, २०११ साली, फुटबॉल महासंघाच्या अभियोक्त्याने आपल्या अहवालात म्हटले की, फाक्केत्तीने पंचांच्या नेमणुका करणाऱ्यांशी दूरध्वनीवर केलेली संभाषणेही नियमांना धरून नव्हती. मुदत टळून गेल्यामुळे त्याची चौकशी पुढे चालली नाही, आणि ज्याने उत्तर द्यावयाचे तो तर हयातच नव्हता. त्याच्या मुलाने आणि जुन्या सहकाऱ्यांनी हा आरोप कधीच मान्य केला नाही. युव्हेंतुसचे लोक तो आजही पुढे करतात. ही गोष्ट गाळून त्याचे चरित्र सांगणारे पुष्कळ आहेत. मला ते योग्य वाटत नाही. न्याय करण्यास मी न्यायाधीश नव्हे, आणि जी बाजू मांडलीच गेली नाही तिच्यावर निकाल देता येत नाही. पण पान कोरे ठेवून पुढे जाणे हेही इतिहासाला शोभत नाही.

त्याच्यानंतर इटलीत असे आणखी काहीजण झाले, आणि नवल हे की त्यांतील बहुतेक मिलान शहरातीलच. इंतेरने चाचणीत नाकारलेला फ्रांको बारेझी शेजारच्या मिलान संघात गेला, संघाबरोबर दोनदा खालच्या विभागात उतरला, आणि तरी १९९७ पर्यंत तेथेच राहिला. त्याच संघात पावलो माल्दिनी १९८५ पासून २००९ पर्यंत ९०२ सामने खेळला. त्याच्या वडिलांनी, चेझारे माल्दिनींनी, १९६३ साली युरोपियन कप उंचावला होता आणि मुलाने तो चाळीस वर्षांनी उंचावला. ही माणसे कायद्याचे बंधन सुटल्यानंतरही थांबली. त्यांच्या घराचे दार उघडे होते. या दोघांविषयी बोलावयाचे तर दुसरे भाषण हवे.

४ सप्टेंबर २००६ रोजी मिलान येथे फाक्केत्ती वारला. त्याला चौसष्ट वर्षे पुरी झाली होती. संत अँब्रोज हा मिलानचा पालक संत. त्याच्याच प्राचीन मंदिरात अंत्यविधी झाला, आणि त्यास इंतेरप्रमाणे इतर संघांचेही पुष्कळ लोक आले होते. डावा बॅक म्हणून त्याच्या पाठीवर ३ हा आकडा असे. क्लबने तो त्याच्यानंतर कोणालाच द्यावयाचा नाही असे ठरविले. त्या वेळी तो आकडा घालून खेळणाऱ्या बचावपटूने तो उतरवून ठेवला आणि दुसरा घेतला.